चालता संगणक मोडीत का काढायचा?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नियमित आधार संपवला. त्या दिवशी कोणाचाही संगणक बंद पडला नाही. तरीही कोट्यवधी धडधाकट यंत्रे एका तारखेने म्हातारी ठरली, कारण पुढची विंडोज ११ त्यांना स्वीकारत नाही. या निर्णयाच्या समर्थनार्थ जे सांगितले जाते, त्यातले सगळेच खोटे नाही. म्हणून आधी तो पूर्वपक्ष पाहू.

पहिला मुद्दा सुरक्षेचा. विंडोज ११ ला टीपीएम २.० हे सुरक्षा-मॉड्यूल लागते. एन्क्रिप्शनच्या किल्ल्या ते वेगळ्या जागी जपते. त्यामुळे लॅपटॉप चोरीला गेला तरी आतली माहिती सहजी हाती लागत नाही. हे मान्य. पण ज्या यंत्रांत टीपीएम २.० आहे, त्यांचे काय? जुलै २०१६ च्या अखेरीपासून विंडोज १० सह येणाऱ्या नव्या संगणकांत ते असावे, अशी अट मायक्रोसॉफ्टनेच घातली होती. तरीही इंटेलचे सातव्या पिढीचे प्रोसेसर, मोजके अपवाद सोडता, विंडोज ११ च्या पात्रता-यादीबाहेर राहिले. त्या अपवादांतला कोअर आय-७ ७८२०एचक्यू कंपनीच्या स्वतःच्या सरफेस स्टुडिओ २ मध्ये होता. हा योगायोग मानायला फार भाबडेपणा लागेल.

शिवाय अपात्र ठरलेले यंत्र नाहीसे होत नाही. किराणा दुकानात, दवाखान्यात, डीटीपीच्या टेबलावर ते चालूच राहते. फक्त त्यातली नवी भगदाडे कोणी बुजवत नाही. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणीखोर व्हायरस पसरला, तेव्हा तीन वर्षांपूर्वी आधार संपलेल्या विंडोज एक्सपीसाठीही मायक्रोसॉफ्टला तातडीने पॅच द्यावा लागला होता. जुन्या यंत्रांना वाऱ्यावर सोडून जाळे सुरक्षित होत नाही, हा धडा तेव्हाच मिळाला होता.

दुसरा मुद्दा : दहा वर्षे सांभाळले, आणखी किती? विंडोज १० जुलै २०१५ मध्ये आली, हा हिशेब बरोबर. पण तो कंपनीच्या बाजूचा. २०१८ मध्ये सातव्या पिढीचा लॅपटॉप घेतलेल्याच्या वाट्याला सातच वर्षे आली. आणि सांभाळणे थांबले तरी कुठे? विशिष्ट उपकरणांसाठीच्या विंडोज १० आयओटी एंटरप्राइझ एलटीएससी २०२१ ला जानेवारी २०३२ पर्यंत सुरक्षा-अपडेट मिळणार आहेत. कंपन्यांना पैसे मोजून तीन वर्षांची वाढ घेता येते. घरगुती ग्राहकांसाठी एका वर्षाची मुदतवाढ जाहीर झाली : ३० डॉलर भरा, रिवॉर्ड्सचे गुण खर्चा, नाहीतर संगणकातल्या सेटिंग्जचा बॅकअप कंपनीच्या क्लाउडवर चढवा. युरोपीय आर्थिक क्षेत्रात ग्राहक संघटनांनी आवाज उठवल्यावर तिथल्या अटी सैल झाल्या. म्हणजे दुरुस्त्या लिहिल्या जाणारच आहेत. त्या कोणाला द्यायच्या, एवढाच प्रश्न आहे, आणि तो तांत्रिक नाही.

तिसरा मुद्दा सल्ल्याचा : विंडोजऐवजी लिनक्स ही मुक्त प्रणाली टाका. सल्ला चांगला आहे. केरळच्या सरकारी शाळा वर्षानुवर्षे मुक्त सॉफ्टवेअरवर चालतात. पण ज्याचे हिशेबाचे सॉफ्टवेअर किंवा मराठी डीटीपीचा फॉन्टसंच विंडोजलाच बांधलेला आहे, त्याच्यापुढे हा पर्याय ठेवणे म्हणजे धंदा बदलायला सांगणे.

आता मंडन. जुने कधीच सोडू नये, असे माझे म्हणणे नाही. लिनक्सच्या कर्नेलनेही २०१२ मध्ये इंटेल ३८६ चा आधार काढला. पण तो प्रोसेसर १९८५ चा होता, आणि त्याच्यासाठी जपलेला कोड बाकी कामात अडथळा ठरत होता. कारण उघड होते. माझ्या मागण्या तीन. सुरक्षेची दुरुस्ती आणि नव्या सोयी वेगळ्या ठेवाव्यात. सोयी नाकारा, दुरुस्ती नाकारू नका. आधाराची मुदत आवृत्ती निघाल्यापासून न मोजता ते मॉडेल शेवटचे विकले गेल्यापासून मोजावी. आणि एखादे यंत्र वगळायचे असेल, तर त्याचे तांत्रिक कारण जाहीर करावे.

यातली दुसरी मागणी स्वप्नाळू नाही. युरोपीय संघाने २० जून २०२५ पासून स्मार्टफोन आणि टॅबलेटसाठी विक्री थांबल्यानंतर किमान पाच वर्षे अपडेट देण्याचा नियम लागू केला आहे. आपल्याकडचे २०२२ चे ई-कचरा नियम उत्पादकावर पुनर्चक्रणाची जबाबदारी टाकतात. पण चालते यंत्र कचरा होऊच नये, याची तजवीज त्यांत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या अहवालानुसार २०२२ मध्ये जगात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा झाला आणि त्यातल्या पाव हिश्शाचेही रीतसर पुनर्चक्रण झाल्याची नोंद नाही. त्या ढिगात सॉफ्टवेअरने बाद केलेल्या यंत्रांची भर घालणे हा अपव्यय आहे, आणि तो टाळता येतो.

कायदा येईल तेव्हा येईल. तोवर नवा संगणक घेताना रॅम किती, हे विचारता तसेच सुरक्षा-अपडेट कोणत्या तारखेपर्यंत मिळतील, हेही विचारा. आणि उत्तर बिलावर लिहून मागा.