क्लॅप्टन भारी की साधी कॉईल? अरे, आधी अँपिअर मोजा!

पोस्ट लांब आहे. बोईसर-पालघरच्या आईबापांनी आणि खास करून विशीतल्या पोरांनी शेवटपर्यंत वाचा, मग हव्या तेवढ्या शिव्या घाला.

माझं बोईसरला मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. बावीस वर्षं तार गुंडाळतोय. गेल्या वर्षभरात एक नवीनच गिऱ्हाईक यायला लागलं. पाठीला सॅक, कानात इअरबड. "काका, नायक्रोम आहे का? सव्वीस गेज. दोनच मीटर द्या." मला वाटलं कॉलेजचा प्रोजेक्ट असेल. दिली. एकदा नाही, चार-पाच वेळा दिली. ती तार व्हेपमध्ये जाते हे मला माझ्या सख्ख्या भाच्याची मांडी भाजली तेव्हा कळलं.

म्हणून आज लिहितोय. आधी माझी चूक कबूल, मग बाकीच्यांची.

ही पोरं तयार कॉईल घेत नाहीत. तार आणतात, स्क्रूड्रायव्हरवर वेटोळे घालतात, मध्ये कापूस भरतात आणि नळीत बसवतात. त्यावर त्यांच्यात वादही जोरदार. एक म्हणतो साधी गोल तार बरी, लगेच तापते. दुसरा म्हणतो दोन तारा पिळून घाल. तिसऱ्याला क्लॅप्टनच पाहिजे, म्हणजे जाड तारेवर बारीक तार गुंडाळायची, गिटारच्या जाड तारेसारखी. चौथा 'फ्यूज्ड क्लॅप्टन'वाला. दोन जाड तारा शेजारी आणि दोघींवर मिळून बारीक तारेचं वेष्टण. धूर जास्त, चव जास्त, रीलला लाइक जास्त.

वायंडर म्हणून सांगतो, यात जादू काही नाही. तारेचा पृष्ठभाग वाढला की जास्त द्रव तापतो आणि ढग मोठा दिसतो. पण तारेचं वजनही वाढतं, ती तापायला वेळ लागतो, जास्त वॅट लागतात. ते वॅट कुठून येणार? खिशातल्या सेलमधून! भांडण स्टाईलवर चाललंय आणि सेलकडे कुणाचं लक्षच नाही.

आता नीट वाचा. नेटवर जे तक्ते फिरतात त्यात गेज असतो अमेरिकन. आपल्याकडे दुकानात सव्वीस मागितली की मिळते एसडब्ल्यूजी. अमेरिकन सव्वीस म्हणजे साधारण ०.४० मिलिमीटर, आपली सव्वीस ०.४६ च्या आसपास. फरक केसाएवढा. पण जाड तारेचा रेझिस्टन्स कमी, आणि त्याच सेलवर करंट जवळजवळ सव्वापट. भाच्याने तक्ता बघून दोन कॉईल जोडल्या. हिशेब होता पाव ओहमचा, प्रत्यक्षात झाला ०.२. फुल चार्ज सेल ४.२ व्होल्टचा. भागाकार करा, २१ अँपिअर! आणि सेल कसला? जुन्या लॅपटॉपच्या पॅकमधून काढलेला १८६५०. तो एवढा करंट द्यायला बनवलेलाच नसतो. नळीत सर्किट नाही, फ्यूज नाही, कटऑफ नाही. बटण खिशात दाबलं गेलं. पुढचं मला लिहवत नाही. पोरगा महिनाभर कुशीवर झोपला. बहिणीने मला एका शब्दाने विचारलं नाही की तार कुठली. मीच सांगितलं.

आता कमेंटमध्ये येईल, "काका, सिगारेटपेक्षा बरं." मान्य! इंग्लंडमध्ये सिगारेट सोडायला व्हेपची मदत घेतात हे खरं आहे. तिथे द्रवात निकोटिन किती असावं याला कायद्याची मर्यादा आहे. तुझ्या बाटलीत काय आहे हे कुणी तपासलंय? आणि मुख्य म्हणजे सोडायचं कुणाला? माझ्या भाच्याने आयुष्यात एक सिगारेट ओढली नव्हती. तो व्हेपने काही सोडत नव्हता, धरत होता.

दुसरा म्हणेल, "बंदी आहे ना, मग पोलिसांना सांगा." बंदी आहेच. सप्टेंबर २०१९ मध्ये वटहुकूम आला, डिसेंबरमध्ये कायदा झाला. बनवणं, आणणं, विकणं, जाहिरात करणं, सगळा गुन्हा. पहिल्यांदा सापडला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. मग रीलवर राजरोस 'डीएम करा, कुरिअर मिळेल' कसं चालतं? राज्यात गुटख्याची बंदी २०१२ पासून आहे. टपरीखालच्या रिकाम्या पुड्या बघा आणि बंदीचं काय झालं ते तुम्हीच सांगा. कागदावरच्या बंदीने एकच होतं: माल तपासणारा कुणी उरत नाही आणि विकणारा सापडत नाही.

आता एमआयडीसीवाल्यांनी कान द्या. ही पोरं तुमच्याकडेच कंत्राटावर आहेत. गेटवर माचिस आणि लायटर काढून घेता, पण पेनसारखी नळी खिशात तशीच आत जाते. टोल्युइनची वाफ चार अंश सेल्सिअसलाच पेट घेण्याजोगी होते. आपल्याकडे थंडीतसुद्धा पारा तिथवर उतरत नाही. तापलेली तार ती तापलेली तार, मग ती हिटरमधली असो की व्हेपमधली. जानेवारी २०२० चा कोलवड्याचा स्फोट आपण कुणी विसरलेलो नाही. तो व्हेपमुळे झाला असं मी अजिबात म्हणत नाही. पण ज्या गावाने ते हादरे सोसलेत त्या गावाला ठिणगी म्हणजे काय हे शिकवायला लागू नये.

आणि शेवटचं, जे मला सगळ्यात जास्त टोचतं. भाच्याने केलेली ती फ्यूज्ड क्लॅप्टन मी भिंगाखाली बघितली. वेढ्याला वेढा चिकटलेला, कुठे फट नाही, कुठे तार चढलेली नाही. माझ्या दुकानात दोन वर्षं शिकलेल्या पोराला ते जमत नाही! तोच पोरगा आयटीआय इलेक्ट्रिशियन होऊन एका कारखान्यात ड्रम ढकलतो. १९६९ पासून तारापूरची वीज देशाला जाते, आणि इथल्या पोराच्या हातातल्या कसबाला दाद कोण देतं? तर रीलखालचे लाइक. आपण त्याला दुसरं काही दिलंच नाही, मग तो तिकडे जाणार नाही तर काय करणार?

म्हणून माझ्यापुरतं ठरवलंय. सुटी नायक्रोम अनोळखी पोराला देणार नाही. इतर दुकानदार बंधूंनाही हात जोडून विनंती. आईबापांनो, "दारू तर पीत नाही ना" म्हणून गप्प बसू नका, सॅकमध्ये सुटे सेल दिसले तर विचारा. कारखानदारांनो, गेटवरच्या यादीत व्हेप घाला आणि आयटीआयच्या पोराला त्याचं काम द्या.

आणि पोरांनो, तार गुंडाळायची हौस आहे ना? रविवारी सकाळी दुकानात या. जळालेल्या मोटारी पडल्यात, शिकवतो. पैसे घेणार नाही, चहाही पाजतो. भाचा येतोय गेल्या महिन्यापासून. अजून थोडा लंगडतो, पण परवा त्याने भरलेली पहिली मोटर एका वाडीवाल्याच्या विहिरीवर चालू झाली.

पटलं तर शेअर करा. नाही पटलं तर खाली भांडा, पण आकडे घेऊन.