हिंवतापाचा खर्च कोण भरतो?

सुरगाण्याच्या डोंगराळ मुलखांत पाऊस सरतां सरतां नागली, वरई व भात कापणीला येतें, आणि हिंवतापाचा हंगामही तोच. कर्ता गडी घोंगडींत कुडकुडत पडला म्हणजे उभें पीक शेतांत झडतें. कांहीं शहाणे विचारतात, सरकारी दवाखान्यांत औषध फुकट मिळतें, मग गरिबाला खर्च कसला? बाबांनो, गोळी फुकट आहे, पण तिच्यापर्यंतची वाट फुकट नाहीं! बुडालेली मजुरी, जीपचें भाडें, सोबत गेलेल्या बायकोचा रोज, वाटेंत खाजगी डॉक्टरानें टोचलेली सुई, हा जमाखर्च कोणत्या सरकारी वहींत मांडतात? भगताला कोंबडें देणाऱ्यांनाही आम्ही दोष देतों. पण दवाखाना दूर नि भगत दारांत, हेंही विसरत नाहीं.

१९४७ च्या सुमारास देशांत दरसाल ७.५ कोटि लोकांना हा ताप येई व ८ लाख मरत, असा अंदाज होता. १९५३ सालीं सरकारनें मोहीम काढली, घरोघर डी. डी. टी. फवारली, आणि १९६१ सालीं रोगी अवघे ५० हजारांच्या आसपास उरले. शत्रु मेला असें समजून पहारा ढिला पडला. डास विषाला सरावले, फवारणीचा माल वेळेवर मिळेना, हें खरें. पण खेड्यांत रोगी हुडकणारीं माणसेंच पुरेशीं नव्हतीं. १९७६ सालीं आंकडा ६४ लाखांवर गेला. राखणदाराचा पगार वांचविला आणि खळें चोरानें नेलें!

व्हायव्हॅक्स जातीच्या तापाला ३ दिवस क्लोरोक्विन व १४ दिवस प्रायमाक्विन लागते. तिसऱ्या दिवशीं ताप उतरला कीं आमचा माणूस कामाला धांवतो, कारण चूल थांबत नाहीं. मग काळजांत दडलेलें बीज कांहीं महिन्यांनीं पुन्हा उठतें. तोंवर तो दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागेंत मजुरीला गेलेला असतो. तेव्हां पाड्यावर खर्चिलेला पैसा बागाइतदारावरही उपकार करतो, हें त्यानें ध्यानांत घ्यावें.

आणि रक्त तपासणाऱ्या आशाबाईला केंद्राच्या नियमांत मिळायचे काय, तर एका तपासणीचे १५ रुपये! डोंगर चढणाऱ्या पायांची ही किंमत ठरविणाऱ्यांनीं २०३० पर्यंत हिंवताप निपटण्याचा निश्चय केला आहे. निश्चय खरा असेल तर आशाबाईला बंधा पगार द्या, आणि १४ दिवस गोळी घेणाऱ्या मजुराला निदान पहिल्या आठवड्याचा रोज द्या. पावसापूर्वीं फवारणीचा पंप किती पाड्यांवर पोहोंचला, हा हिशेब सुरगाण्याच्या प्रत्येक ग्रामसभेनें मागावा.