वाजवणे आणि शिकणे

मागल्या महिन्यात विहारात वंदना आटोपल्यावर आमच्या चाळीतले एक बाबा मला बाजूला घेऊन म्हणाले, "भाऊ, माझा बाप गावात दुसऱ्याच्या वरातीपुढं वाजवायचा, भाकरतुकड्यासाठी. आम्ही ते सोडलं, शहर गाठलं. आता सातवीतली नात म्हणते, ढोलकी शिकायचीय. पुन्हा मागं जायचं का?"

बाबांचा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पण पालकहो, वाजवणे वाईट नव्हते. जातीचे काम म्हणून दुसऱ्याच्या हुकमाने वाजवावे लागणे वाईट होते. आपल्या इच्छेने शिकलेली कला ही विद्याच आहे. खुद्द बाबासाहेबांनी उतारवयात व्हायोलिन शिकायला घेतले. ज्यांना अक्षर येत नव्हते त्यांच्यापर्यंत चळवळ नेली ती भीमराव कर्डक यांच्यासारख्यांच्या जलशांनी. वामनदादा कर्डक (१९२२-२००४) गाण्याच्या बळावर घराघरात पोचले. गाण्याने आपल्याला मागे नेले नाही, उभे केले.

आता मुलांचा लाभ काय? मी कारकून माणूस, हिशेबानेच सांगतो. दादऱ्याच्या मात्रा ६, केहरव्याच्या ८, तीनतालाच्या १६. त्या मोजत नेमके समेवर यायचे, तर पूर्ण वेळ लक्ष लागते. गाणे पाठ करताना स्मरणशक्तीला काम मिळते, उच्चार स्वच्छ होतात. चारचौघांत गाताना दुसऱ्याचे ऐकावे लागते, आपली पाळी येईपर्यंत थांबावे लागते. वर्गात तोंड न उघडणारे मूल चार लोकांसमोर उभे राहते. गाण्याने गणिताचे गुण आपोआप वाढतात असे मात्र मी म्हणणार नाही. अभ्यास करावाच लागेल. रोज थोडा थोडा रियाज केला तरच हात बसतो, ही शिस्त मात्र अभ्यासालाही उपयोगी पडते.

खर्चाची धास्ती घेऊ नका. सुरुवातीला हाताच्या टाळीवर ताल मोजता येतो. पुढे शास्त्रीय गायन-वादनाच्या ठराविक परीक्षा उत्तीर्ण झाल्यास दहावीला वाढीव गुणांची सवलत आहे. त्याचे नियम शाळेत विचारून घ्या.

आपल्या कितीतरी विहारांतली पेटी-ढोलकी एका जयंतीला बाहेर निघते, ती पुढच्या जयंतीपर्यंत कपाटात. ते कपाट दर रविवारी तासभर उघडा. वस्तीतल्या जाणत्या गायक-वादकाला मुलांसमोर बसवा. मुलांबरोबर मुलींनाही पाठवा.

परवाच्या रविवारी बाबा नातीला घेऊन स्वतः आले. बराच वेळ गप्प बसून होते. नातीची मात्रा चुकली, तसे पटकन म्हणाले, "थांब बाय, पुन्हा घे. माझा बाप असं चुकू देत नव्हता."

जयभीम.