चिंगीची पृथ्वी फिरते!

मंगळवार, पहाटेचे साडेपाच. फ्रीलान्सर माणसाच्या हिशेबात ही मध्यरात्रच. आणि आईची हाक, 'अगं ऊठ, चिंगीला काहीतरी झालंय!' आई एरवी झुरळ दिसलं तरी याच पट्टीत ओरडते. पण या वेळी आवाज कापत होता. झोप खाडकन उतरली.

हॉलमध्ये चिंगी फरशीवर आडवी. उठायची, दोन पावलं टाकायची आणि धप्पकन डावीकडे. पुन्हा उठायची, पुन्हा डावीकडे. मानही डावीकडे कललेली, जणू कुणी कानात सिक्रेट सांगतंय. आणि डोळे! बुबुळं एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला टकाटक पळत होती, थांबायचं नावच नाही. दोनदा उलटी झालेली. रात्री साडेअकरापर्यंत हीच बया माझ्या पोळीतला अर्धा वाटा मागत होती.

चिंगी म्हणजे आमची पॉमेरिअन. वय वर्षं 14. मी नववीत असताना ती घरी आली, तेव्हा बाबांनी जाहीर केलं होतं, 'या घरात कुत्रं राहील, नाहीतर मी राहीन.' दोघंही राहिले. गेल्या वर्षी बाबा रिटायर झाले. तेव्हापासून तर सकाळचा पेपर आणि संध्याकाळचा फेरफटका दोघांचा एकत्र असतो. फेरफटका कोण कुणाला घालतं, हा वेगळा विषय.

तर, आमचा आरडाओरडा ऐकून शेजारच्या काकू आल्या. एक नजर टाकली आणि निदान तयार! 'अर्धांगवायूच हो हा. वय झालं तिचं. आता हाल नका करू, इंजेक्शन देऊन मोकळं करा.' काकूंच्या मनात वाईट काही नव्हतं. पण खरं सांगू? त्या बोलल्या तेच माझ्याही डोक्यात येऊन गेलं होतं, म्हणून मला जास्त राग आला. बाबा काहीच बोलले नाहीत. चिंगीजवळ मांडी घालून बसले आणि तिचं डोकं हातात धरून ठेवलं.

दवाखाना नऊला उघडला. रिक्षात ती माझ्या मांडीवर थरथरत होती. मनातल्या मनात मी 'ते' वाक्य कसं ऐकायचं याची तयारी करत होते.

डॉक्टरांनी मात्र अजिबात घाई केली नाही. कानात छोटा दिवा घालून बघितलं. बुबुळं कुठल्या दिशेला हलतायत ते पाहिलं. पंजा उलटा करून जमिनीला टेकवला, ती स्वतः सरळ करते का ते बघायला. चिंगीने चट्कन सरळ केला. कानात नवं औषध घातलंय का, कुठल्या गोळ्या चालू आहेत का, सगळं विचारलं. रक्त घेतलं, थायरॉइडसुद्धा बघायला सांगितलं. मग म्हणाले, 'हा स्ट्रोक वाटत नाही. म्हाताऱ्या कुत्र्यांमध्ये हे बरेचदा दिसतं. व्हेस्टिब्युलर डिसीज म्हणतात.'

फंडा असा आहे. आपल्या काय किंवा कुत्र्यांच्या काय, कानाच्या अगदी आतल्या भागात तोल सांभाळणारी यंत्रणा असते. डोकं कुठे वळलं, शरीर सरळ आहे की तिरकं, ही खबर ती मेंदूला देते. एका कानाची ही यंत्रणा अचानक बिघडली की मेंदूला दोन कानांकडून दोन वेगळ्या बातम्या मिळतात. फुगडी घालून एकदम थांबल्यावर भिंती कशा गरगरतात? तसंच. फक्त चिंगीची फुगडी थांबतच नव्हती. कधी याचं कारण कानातलं इन्फेक्शन असतं, कधी थायरॉइड, क्वचित मेंदूतली गाठ. आणि बऱ्याच म्हाताऱ्या कुत्र्यांमध्ये कारण सापडतच नाही!

बाबांनी एकच प्रश्न विचारला. 'डॉक्टर, तिला दुखतंय का?'

'दुखत नाही शक्यतो. पण गरगरतंय, मळमळतंय आणि ती घाबरलीये. तीन दिवस द्या. सुधारायला लागली तर दोन-तीन आठवड्यांत बरीच सावरेल. नाही सुधारली, पाय लुळे पडले किंवा डोळे वर-खाली हलायला लागले, तर मेंदूचा विचार करावा लागेल. पण आज कुठलाही मोठा निर्णय घेऊ नका.'

उलटी थांबवणारं इंजेक्शन मिळालं आणि आम्ही तीन दिवस मागून घेऊन घरी आलो.

घर म्हणजे गुळगुळीत टाइल्स! आईने गाद्यांखालच्या सतरंज्या काढल्या, मी माझी योगा मॅट दिली (तसाही तिचा उपयोग होत नव्हता). हॉलची अर्धी फरशी झाकली. टेबलाच्या कोपऱ्यांना उशा बांधल्या. जिन्याकडचं दार बंद. उचलून घ्यायचा मोह आवरायचा, कारण हवेत उचललं की गरगरणं वाढतं. शू-शीसाठी बाबांचा पंचा तिच्या पोटाखालून घालायचा, दोन्ही टोकं वर धरायची आणि हळूहळू चालवायचं. पाण्याचं भांडं तोंडाशी धरायचं, मऊ भात हाताने भरवायचा. रात्री छोटा दिवा चालूच, कारण कान दगा देतो तेव्हा तोल डोळ्यांच्या भरवशावर असतो.

आईने बाबांची चक्करवरची गोळी पुढे केली होती. 'अर्धी देऊन बघू या का?' नाही म्हणजे नाही! माणसांची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय द्यायची नाही. साध्या डोकेदुखीच्या, तापाच्या गोळ्यासुद्धा कुत्र्यांच्या जिवावर बेतू शकतात.

पहिली रात्र भयंकर होती. दुसरी त्याहून. चिंगीने भाताकडे तोंड फिरवलं. रात्री दोनला पाणी प्यायला उठले, तर बाबा तिच्या शेजारी सतरंजीवर आडवे. गुडघे दुखतात म्हणून जमिनीवर बसायलाही नाही म्हणणारे बाबा! मी म्हटलं, 'बाबा, तुम्ही आत जाऊन झोपा, मी बसते.' ते म्हणाले, 'राहू दे गं. हात काढला की उठायला बघते आणि पडते.' मग हळूच, 'तीन दिवसांनी नाहीच सुधारली, तर तू डॉक्टरांशी बोल. मला जमणार नाही.'

मी 'हो' म्हटलं. मलाही जमणार नव्हतं.

गुरुवारी संध्याकाळी मी डेडलाइनशी मारामारी करत होते. पाठीमागे लपलप आवाज. चिंगी सतरंजीवर पाय फाकवून, जहाजावरच्या खलाशासारखी उभी, आणि स्वतःचं स्वतः पाणी पितेय! अर्धं भांड्याबाहेर सांडत, पण पितेय. डोळ्यांची धावपळ जवळजवळ थांबली होती. बाबांना हाक मारली, तर ते आले, बघितलं आणि चष्मा पुसत बाल्कनीत निघून गेले.

आज तीन आठवडे झाले. रिपोर्ट ठीक आले. चिंगी चालते, वळताना जरा झोकांडते. मान थोडी डावीकडे कललेली आहे, डॉक्टर म्हणतात तशी राहूही शकते. हे पुन्हा होऊ शकतं, तेही आम्हाला माहीत आहे. आणि 14 वर्षांच्या कुत्रीकडे किती दिवस आहेत, हा हिशेब आमच्या घरात कुणी मोठ्याने करत नाही.

तुमच्या घरातला म्हातारा दोस्त असा अचानक कोलमडला, तर दोनच गोष्टी करा. मोबाइलवर त्याच्या डोळ्यांचा आणि चालण्याचा व्हिडिओ काढा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. निदान शेजाऱ्यांकडून करून घेऊ नका.

बाकी काकू कालच आल्या होत्या. चिंगीने मान तिरकी करून त्यांच्याकडे बराच वेळ रोखून बघितलं. काकू म्हणाल्या, 'किती गोड बघते हो!'

बाबा पेपरमागून म्हणाले, 'ती विचार करतेय.'