एक गुंठा लॉन, नऊ माणसांचं पाणी

बारामती-इंदापूर पट्ट्यात नव्या वसाहतींच्या जाहिराती बघा. घर कसंही असो, पुढे हिरवीगार लॉन असतेच. मंगल कार्यालयांना ती लागते, शाळांना लागते, आता मशिदीच्या आवारातही हवी असं काहींना वाटू लागलंय. या हौसेविरुद्ध मला लिहायचं आहे.

आधी हिशेब. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. एप्रिल-मेच्या उन्हात हिरवळ जगवायला रोज साधारण पाच मिलिमीटर लागतं. गुंठा म्हणजे १०१ चौरस मीटर, म्हणजे रोजचे पाचशे लिटर. जलजीवन मिशनने खेड्यातल्या माणसाला दिवसाला ५५ लिटर ठरवलेत. नऊ माणसांचं पाणी ते गवत पितं. बरं, त्यावर ना शेळी चरते, ना पोरं खेळतात. 'लॉनवर चालू नये' अशी पाटी तेवढी असते.

"कॅनॉल आहे की सर!" हे उत्तर ठरलेलं. नीरा डाव्या कालव्याने बारामती तालुक्याचे दोन भाग केले: कालव्याखालचा बागायत आणि सुप्या-मोरगावकडचा जिरायत. (दोन्ही शब्द आमच्या उर्दूच्या तासातले. बागायत 'बाग'वरून आला, जिरायत अरबी 'ज़िराअत'वरून. ज़िराअत म्हणजे नुसती शेती; कोरडवाहूचा अर्थ तिला इथे येऊन चिकटला.) दुष्काळी वर्षी जिरायत भागात टँकर फिरतात. उजनीचा जलाशय उशाशी असून इंदापूरच्या गावांनीही टँकर पाहिलेत. कॅनॉल आहे हे खरं, पण तो सगळ्यांचा नाही.

दुसरं उत्तर जास्त वजनदार आहे. "ऊस केवढं पाणी पितो ते दिसत नाही, आमच्या अंगणावरच डोळा?" दिसतं. पण उसावर एखाद्याचं घर चालतं, मुलीची फी भरली जाते. लॉनवर कुणाचं काय चालतं? आणि उसाचं धोरण माझ्या-तुमच्या हातात नाही, अंगण आहे.

तिसरी तक्रार अशी की कमी पाण्याची बाग म्हणजे दगड आणि निवडुंग. हे बोलणाऱ्यांनी माळरान नीट पाहिलेलं नाही. तरवडाची पिवळी फुलं बघा. बोर, सीताफळ, डाळिंब, चिंच, कडुनिंब, मेंदी, अडुळसा, कोरफड, पांढरा चाफा, सदाफुली, बोगनवेल, यात दगड कुठे आला? कण्हेरही चालते, फक्त शाळेत लावू नका, ती विषारी असते. माळेगाव खुर्दला २००९ साली अजैविक ताण व्यवस्थापनाची राष्ट्रीय संस्था निघाली, ती दुष्काळ, उष्णता, क्षार यांना पिकांनी कसं तोंड द्यावं याच्या अभ्यासासाठी. केंद्र सरकारला आपली जमीन कळली, आपल्यालाच कळेना.

एक मात्र खरं, नुसती रोपं बदलून भागत नाही. काळ्या जमिनीत पाणी साचलं की हीच काटक झाडं कुजतात. तिथे मुरूम मिसळून वाफा उंच करावा. जास्त पाणी लागणारी दोन-चार झाडं एकत्र, नळाजवळ, बाकीची लांब. आळ्यात उसाचं पाचट पसरायचं, ते आपल्याकडे ढिगाने असतं आणि लोक जाळतात. रोपाशेजारी बिनचकाकीचं मातीचं मडकं तोंडापर्यंत पुरून भरून ठेवलं की ओल हळूहळू मुळांना मिळते. छताचं पाणी शोषखड्ड्यात घ्यावं.

मशिदीचं म्हणाल, तर वजूचं पाणी रोज गटारात जातं. पैगंबरसाहेब एका मुद्दमध्ये, म्हणजे पाऊण लिटरच्या आतबाहेर पाण्यात, वजू करत, हे आपण पोरांना शिकवतो आणि नळ पूर्ण सोडून बसतो. त्या पाण्याला साबण नसतो. हौदाच्या मोरीपासून एक चर काढला तर चिंच, मेंदी, डाळिंब त्यावर सहज वाढतील. जमातीच्या पुढच्या बैठकीत लॉनचा विषय आला तर मी हा चर मांडणार आहे. खड्डे मे महिन्यात घेतले तर पहिल्या पावसाला रोपं लावता येतील. पहिले दोन उन्हाळे मात्र त्यांना पाणी द्यावंच लागेल.