मलाखीचं पाचवं वचन

नोकरी गेलेल्या ख्रिस्ती माणसाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर पहिल्या आठवड्यात काय येतं, हे न पाहता सांगता येतं. यिर्मया २९:११. मागे सूर्योदयाचा फोटो, त्यावर देवाच्या मनात तुझ्या हिताच्याच योजना आहेत अशा अर्थाचं वचन. पाठवणाऱ्याच्या हेतूबद्दल मला शंका नाही. समोरच्याच्या दुःखापुढे काय बोलावं ते सुचत नाही, तेव्हा माणूस तयार वाक्याचा आधार घेतो. पण त्याच्या आधीचं, दहावं वचन कुणीच फॉरवर्ड करत नाही. त्यात मुदत लिहिली आहे. सत्तर वर्षं.

बाबेलात हद्दपार झालेल्यांना यिर्मयाने पाठवलेल्या पत्राचा हा तुकडा आहे. पत्राची सुरुवात अगदी व्यवहारी आहे : घरं बांधा, बागा लावा, मुलांची लग्नं करा, ज्या शहरात नेऊन टाकलं आहे त्याचं भलं पाहा, कारण इतक्यात सुटका नाही. हे का लिहावं लागलं, ते आधीच्या अध्यायात कळतं. हनन्या नावाचा संदेष्टा मंदिरात सगळ्यांसमोर उभा राहून सांगतो की दोन वर्षांत सगळं परत मिळेल. त्या दोघांत कुणाच्या सभेला गर्दी झाली असती, हे सांगायला नको. म्हणजे झटपट सुटकेचे वायदे करणाऱ्यांच्या काळात, त्यांच्याविरुद्ध लिहिलेलं पत्र आज झटपट सुटकेचा वायदा म्हणून फिरतं आहे. हनन्या हरला असं आम्हाला संडेस्कूलमध्ये शिकवलं होतं. मला तसं दिसत नाही.

माझं भांडण प्रार्थनेशी नाही. नोकरी आणि पैसा यांच्या बाबतीत आपण प्रार्थनेला जे काम लावलं आहे, त्याच्याशी आहे.

अमेरिकेत ओरल रॉबर्ट्स, केनेथ हेगिन वगैरे मंडळींनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात एक शिकवण लोकप्रिय केली. देणगी म्हणजे बी, ते पेरलं की पीक येणारच, आणि विश्वासाने तोंडातून काढलेला शब्द पदरात पडतोच. ही शिकवण आपल्याकडे आधी टीव्हीवरून आणि मग यूट्यूबवरून आली. आता ती पिंपरी-चिंचवडच्या भाड्याच्या हॉलमध्ये आणि नगरकडच्या पत्र्याच्या शेडमध्ये अस्सल मराठीत ऐकायला मिळते. तिचा लाडका आधार मलाखी ३:१०. पूर्ण दशांश आणा, मग आकाशाच्या खिडक्या उघडतात की नाही ते पाहा. तीन महिने पगार न झालेल्या माणसाला यावरून विचारलं जातं, की भाऊ, मागे कधी दशांश चुकला होता का, आठवून पाहा.

आता त्याच अध्यायात पाच वचनं मागे जाऊ. तिथे परमेश्वर कुणाकुणाविरुद्ध साक्ष द्यायला उभा राहणार आहे त्याची यादी आहे. जादूटोणा करणारे, व्यभिचारी, खोट्या शपथा वाहणारे, आणि त्यांच्याच रांगेत, मजुराची मजुरी बुडवणारे. विधवा, पोरका आणि परका यांना छळणारेही तिथेच आहेत. मी आजवर दहाव्या वचनावर किती प्रवचनं ऐकली त्याची मोजदाद नाही. पाचव्यावर एकही ऐकलेलं नाही. पगार थकवणारा मालक तिसऱ्या अध्यायात आरोपी आहे, आणि आपण मात्र उलटतपासणी घेतो ती पगार न मिळालेल्याची.

दशांशाचंही तसंच. अनुवादाच्या चौदाव्या अध्यायात सांगितलं आहे की दर तिसऱ्या वर्षाचा दशांश गावातच साठवायचा, आणि तो लेव्यांनी, परक्यांनी, पोरक्यांनी, विधवांनी पोटभर खायचा. म्हणजे दशांश हा एका बाजूने अडचणीतल्या माणसाचा हक्क होता. ज्याच्या घरात रेशन संपलं आहे त्याने भांडारात काय आणलं, हा प्रश्न त्या व्यवस्थेत उलटा आहे. भांडारातून त्याच्या घरी काय गेलं, असं विचारायला हवं.

मग येते साक्ष. रविवारी माइक हातात घेऊन कुणीतरी सांगतं की एकवीस दिवस उपवास केला आणि बावीसाव्या दिवशी ऑफर लेटर आलं. टाळ्या, हालेलूया. त्याचा आनंद खराच आहे, मी तो नाकारत नाही. पण लॉटरीच्या दुकानात बक्षीस लागलेल्यांचेच फोटो लावतात. त्याच हॉलमध्ये तेवढेच दिवस उपाशी राहिलेली आणि ऑफर लेटर न आलेली चार माणसं मागच्या खुर्च्यांवर बसलेली असतात. त्यांना माइक मिळत नाही. काही महिन्यांनी ती यायची बंद होतात, आणि मग विश्वासात थंड पडलेल्यांसाठी आपण प्रार्थना करतो.

तुझा विश्वास कमी पडला, हे वाक्य आपल्या धर्मात कुणी कुणाला म्हणावं? पौलाने शरीरातला काटा काढण्यासाठी तीनदा विनवलं आणि काटा राहिला. येशूने गेथशेमानेत मागितलेला प्याला टळला नाही. यांचा विश्वास कमी होता असं म्हणायची हिंमत कोणत्याही पास्टरची नाही. ती हिंमत फक्त बेरोजगारापुढे होते. ईयोबाचे मित्र हेच करत होते. आणि पुस्तकाच्या शेवटी देवाचा राग निघतो तो त्या मित्रांवर, नशिबाला आणि देवाला जाब विचारणाऱ्या ईयोबावर नाही.

इतकं बोलून झाल्यावर एक गोष्ट कबूल केली पाहिजे. हे हॉलवाले लोक येतात. रात्री दहाला फोन केला तरी दोन माणसं दुचाकीवर येऊन तुमच्या घरी चटईवर बसतात, तुमचं नाव घेऊन प्रार्थना करतात, रडतातही. आमच्या जुन्या, दगडी, मनोऱ्याच्या चर्चमधून कोण येतं? तिथे जमिनींचे खटले आहेत, कमिटीची निवडणूक आहे आणि शंभर-सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे. समृद्धीच्या सुवार्तेला नाकं मुरडणाऱ्या सुशिक्षित ख्रिस्ती लोकांनी (त्यात मीही आलो) आधी हे उत्तर द्यावं, की नोकरी गेलेला माणूस आपल्याकडे न येता तिकडे का गेला.

माझ्या मते त्याचं एक कारण आपल्या इतिहासात आहे. १८७६ ते १८७८च्या दुष्काळात आणि त्यानंतर नगर जिल्ह्यात महार-मांग कुटुंबं मोठ्या संख्येने ख्रिस्ती झाली. तेव्हापासून एक टोमणा पिढ्यान्पिढ्या आपल्या पाठीमागे आहे : पोटासाठी बाटले. तो खोडून काढायच्या नादात आपण पोटाबद्दल बोलणंच सोडलं. आमची श्रद्धा शुद्ध आहे, भाकरीशी तिचा संबंध नाही, हे सिद्ध करता करता चर्चमध्ये ‘मला पैशांची अडचण आहे’ असं म्हणणं लाजिरवाणं झालं. आजारपणासाठी प्रार्थना मागता येते. ईएमआयसाठी मागताना आवाज खाली जातो. ही रिकामी जागा हनन्याने बरोबर हेरली.

खरं तर लाजायचं कारण काय? मत्तयाच्या सहाव्या अध्यायातली प्रभूची प्रार्थना मराठी बायबलमध्ये काढून पाहा. आधी रोजची भाकर, आणि लगेच पुढे ऋण आणि ऋणी. मूळ ग्रीक शब्दही देणं, कर्ज याच अर्थाचा आहे. आपण त्याचा अर्थ पाप असा करून मोकळे होतो, तो चूक नाही. पण येशूसमोर बसलेल्या शेतमजुरांना आणि कोळ्यांना तो शब्द ऐकताना सावकार आठवला नसेल, यावर माझा विश्वास नाही.

आणि प्रार्थना करणाऱ्यांनी हात कसे चालवावेत याची उदाहरणं शोधायला अमेरिकेत जायला नको. पंडिता रमाबाईंइतकी प्रार्थनेवर भिस्त ठेवणारी व्यक्ती मराठी ख्रिस्ती इतिहासात सापडणं कठीण. १९०५मध्ये केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये जे आत्मिक जागरण झालं, त्याचा हवाला पेंटेकोस्टल लोक आजही अभिमानाने देतात. पण त्याच केडगावात दुष्काळातून आणलेल्या मुलींना विणकाम, शेती, दूधदुभतं, छपाई शिकवली जात होती. रमाबाईंनी त्यांना फक्त गुडघे टेकायला शिकवलं असतं तर त्या मुली पुन्हा रस्त्यावरच गेल्या असत्या. दुसरं उदाहरण वसईचं. १९१८मध्ये तिथल्या कॅथलिक लोकांनी पतसंस्था काढली, तीच आजची बॅसीन कॅथॉलिक सहकारी बँक. सावकाराच्या पाशातून सुटण्यासाठी त्यांनी नोव्हेना केल्या असतील तर उत्तमच. पण खातेवहीही उघडली.

आज एखाद्या उपवास-प्रार्थनेत पीएफ कसा काढायचा, ग्रॅच्युइटीचा दावा कुठे करायचा, कंत्राटदाराने पगार बुडवला तर कामगार आयुक्तांकडे अर्ज कसा लिहायचा, हे सांगणारा कुणी उभा राहतो का? मंडळीत हे जाणणारे निवृत्त कारकून, वकील, युनियनवाले असतात. त्यांना आपण वर्गणी गोळा करायला लावतो. आणि १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशाचं नाव किती प्रार्थनांमध्ये येतं? त्या आदेशाने अनुसूचित जातींचा दर्जा धर्माला बांधला. पुढे १९५६ला शीख आणि १९९०ला बौद्ध त्यात आले, दलित ख्रिस्ती अजून बाहेर आहेत. चर्च बदललं म्हणून जात सुटली नाही, हे गावात सगळ्यांना माहीत आहे. सवलत मात्र सुटली. एखाद्या तरुणाला नोकरी न मिळण्यामागे हे कारण असताना आपण त्याच्यावर हात ठेवून ‘अडथळ्याच्या आत्म्याला’ धमकावतो, तेव्हा मला हसावं की रडावं कळत नाही.

कुणी म्हणेल, हे सगळं सामाजिक काम झालं, मंडळीचं काम आत्म्याचं आहे. ठीक. मग निदान आपण स्वतः मालक आहोत तिथलं पाहू. मिशनच्या शाळा, दवाखाने, वसतिगृहं आहेत. तिथे कंत्राटी शिक्षिका आहेत, आया आहेत, रात्रपाळीचे वॉचमन आहेत. याकोबाच्या पत्राचा पाचवा अध्याय म्हणतो की अडवून ठेवलेली मजुरी स्वतःच ओरडते, आणि ते ओरडणं वर ऐकू जातं. येत्या वार्षिक सभेत खजिनदार ताळेबंद वाचून खाली बसायच्या आत कुणीतरी हात वर करून विचारावं : वॉचमनचा पगार कोणत्या महिन्यापर्यंत झाला आहे, आणि सही किती रकमेवर घेतली?