कोयनेची भिंत, तिचा गुरुत्वमध्य आणि 1967ची ती पहाट

कराडच्या प्रीतिसंगमावर कृष्णेला भेटणारी कोयना वर पाटण तालुक्यात 103 मीटर उंच भिंतीने अडवलेली आहे. 11 डिसेंबर 1967च्या पहाटे भूकंपाने कोयनानगर उद्ध्वस्त केले, दीडशेहून अधिक माणसे दगावली. भिंत मात्र उभी राहिली. ‘ती वजनदार होती, गुरुत्वमध्य खाली होता, म्हणून वाचली’ असे आजही सहज सांगितले जाते. हे उत्तर अर्धेच आहे.

संपूर्ण वजन ज्या बिंदूतून खाली दाबते असे मानता येते, तो गुरुत्वमध्य. पदार्थाच्या वाटणीचा मध्य म्हणजे वस्तुमानकेंद्र. पायथ्यापासून माथ्यापर्यंत गुरुत्वाकर्षण जेमतेम तीस हजारांत एक भाग घटते. त्यामुळे या भिंतीत दोन बिंदूंमधले अंतर एक मिलिमीटरही भरत नाही. शोधण्याची रीतही एकच: भिंतीचा उभा छेद चौकोन-त्रिकोणांत तोडावा, प्रत्येकाचे क्षेत्रफळ त्याच्या मध्याच्या उंचीने गुणावे, बेरीज एकूण क्षेत्रफळाने भागावी. पायाशी सुमारे 70 मीटर व माथ्याशी सुमारे 15 मीटर रुंद असलेल्या या छेदाचा मध्य पायापासून अंदाजे 37 मीटरवर येतो.

बिंदू एकच, पण कामे दोन. पाण्याचा रेटा थोपवते ते वजन. भूकंपात जमीन आडवी सरकते, तेव्हा अडून बसते ते वस्तुमान. आणि तेच भिंतीवर आडवा जोर आणते. पाण्यापुढे जो जडपणा आधार, तोच भूकंपात भार.

आराखड्यात हा आडवा जोर वजनाच्या 0.05 पट, आणि तोही सर्व उंचीवर सारखाच, धरला होता. त्या काळची रूढ रीत तीच होती; अभियंत्यांना आज दोषी ठरवणे फार सोपे आहे. प्रत्यक्षात धरणावरील यंत्राने प्रवाहाच्या दिशेने सुमारे अर्ध्या पटीचा धक्का नोंदवला. शिवाय माथा पायथ्यापेक्षा अधिक झुलतो.

तडे गेले ते 37 मीटरवर नव्हे, तर सुमारे 66 मीटरवर, जिथे मागच्या बाजूचा उतार एकदम बदलतो. त्यावरचा भाग छेदाचा जेमतेम सहावा हिस्सा. पण त्याचा स्वतःचा मध्य पायापासून 80 मीटरहून उंच. सगळ्या भिंतीचा गुरुत्वमध्य कितीही खाली असो, या मानेला त्याचा काय उपयोग? विचारायला हवे होते ते तिच्या वरच्या तुकड्याचे केंद्र.

पुढे भिंतीच्या मागच्या अंगाला काँक्रीटचे भक्कम टेकू देण्यात आले.